रतनपूरच्या तटावरची राणी

रायपूरचा मराठी माणूस छत्तीसगडाशी असलेले नाते सांगू लागला, की बोलणे बिंबाजी भोसल्यांपाशी येते. रतनपूरच्या रामटेकडीवरचे देऊळ, रायपूरचा दूधाधारी मठ, नागपूरकरांचा अंमल. त्याआधीचे पान सहसा उघडले जात नाही. त्या पानावर एक राणी आहे, आणि तिच्या दारात उभी असलेली परकी फौज आपली आहे.

१७४१ च्या सुमारास नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर चालून आले. हैहयवंशी राजा रघुनाथसिंह साठीपुढचा. मुलाच्या मृत्यूने खचून त्याने कारभारातून अंग काढून घेतले होते. तोफांनी राजवाड्याचा एक भाग ढासळला, तरी तो हलला नाही. तेव्हा त्याच्या राण्यांपैकी एक तटावर चढली आणि तिने तहाचे निशाण दाखवले. दरवाजे उघडले, शहर लुटले गेले. वर एक लाख रुपये दंड बसला आणि खजिन्यात उरले होते तेही गेले.

ही हकीकत बिलासपूरच्या जमाबंदीचे काम पाहणाऱ्या चिझम या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८६८ च्या अहवालातून पुढे आली. दंडाचा आकडा तिच्यात आहे. राणीचे नाव नाही.

मंडल्याच्या डोंगरांपलीकडची गोंडांची राणी दुर्गावती मात्र सर्वांना ठाऊक आहे. तिची कीर्ती गोंड लोकांनी जपली हे खरे, पण लढाईचा तपशील आपल्यापर्यंत पोचवला तो शत्रूच्या, म्हणजे अकबराच्या, दरबारातल्या अबुल फजलने. वाघ आल्याची खबर लागली की त्याला मारल्याशिवाय ती पाणी पीत नसे, हे तोच लिहितो. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान चालून आला, तेव्हा नरईच्या खिंडीत तिने पहिल्या दिवशी मोगलांना मागे रेटले. त्याच रात्री छापा घालावा, उजाडल्यावर खान तोफा घेऊन येईल, असे तिचे म्हणणे होते. सरदारांनी ऐकले नाही. सकाळी तोफा आल्या.

मुलगा वीरनारायण जखमी झाला, त्याला सुरक्षित जागी पोचवायला माणसे गेली आणि राणीभोवती थोडेच उरले. सरमन हत्तीवर ती लढत राहिली. एक बाण कानशिलात बसला, दुसरा मानेत. शुद्धीवर येताच तिने हत्ती हाकणाऱ्या विश्वासू अधारला आपल्याला मारायला सांगितले. त्याचा हात धजेना, तेव्हा तिने स्वतःच कट्यार चालवली. एवढे लिहूनही अबुल फजल तिच्यावर गर्वाचा ठपका ठेवतो, कारण ती बादशहापुढे वाकली नाही. पुढे चौरागडावर जोहार झाला. लुटीतल्या हजार हत्तींपैकी आसफखानाने अकबराकडे दोनशेच पाठवले. ही लबाडीही अबुल फजलच्याच ग्रंथात आहे.

म्हणजे दुर्गावतीला विजेत्यांकडचा एक तालेवार लेखक मिळाला. भास्करपंतांच्या छावणीत रतनपूरच्या राणीसाठी तसा कुणी नव्हता. मराठ्यांची नजर पूर्वेला ओरिसा-बंगालकडे लागली होती, आणि रतनपूर हा त्या वाटेवरचा मुक्काम. तीनच वर्षांनी बंगालमध्ये तिथल्या नवाब अलीवर्दीखानाने भास्करपंतांना भेटीला बोलावून ठार केले. तो दगा मराठी इतिहासाने नीट लक्षात ठेवला.

शरणागती म्हणून राणीचे निशाण बाजूला सारणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे. कोसळत्या वाड्यात राजा बसून होता, आणि त्या दिवशी रतनपूरच्या बाजूने कुणी काही निर्णय घेतल्याची जी नोंद उरली आहे, ती तिचीच. गोळे पडत असताना तटावर उभे राहायला लागणारे धैर्य नरईच्या खिंडीतल्यापेक्षा वेगळ्या जातीचे असेल. कमी प्रतीचे नव्हे.

रघुनाथसिंहाला भोसल्यांच्या नावाने राज्य करू दिले गेले. पुढे गादीवर मोहनसिंह आला, मग रघूजींचे पुत्र बिंबाजी. १७८७ मध्ये बिंबाजी वारले, तेव्हा त्याच रतनपुरात त्यांच्या विधवा पत्नीने कारभारावर पकड ठेवली. तिचे नाव आनंदीबाई, आणि ते सर्वत्र नोंदलेले आहे.