फुकट ॲपचा खर्च कोण भरतो?

बीड जिल्ह्यातील कापूस व सोयाबीन पिकविणारा शेतकरी हवामान आणि बाजारभाव आता मोबाईलवर पाहतो. यांतील पुष्कळ ॲप विनामूल्य असतात. तथापि ॲप चालविण्यास खर्च येतोच. तो जाहिरातींतून, स्वतःची बियाणे-औषधे खपवून किंवा वापरणाराची माहिती इतरांस पुरवून भरून काढला जातो.

शासनाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘ई-पीक पाहणी’ला कॅमेरा व ठिकाण यांची परवानगी लागते, कारण पिकाचे छायाचित्र शेतातच घ्यावयाचे असते. परंतु नुसता कापसाचा भाव सांगणाऱ्या ॲपला सोयऱ्याधायऱ्यांचे क्रमांक कशास हवेत? ती परवानगी नाकारावी.

कर्ज देणाऱ्या ॲपांबाबत अधिक दक्षता हवी. वसुलीसाठी नातलगांना फोन करून कर्जदाराची अब्रू घेण्याचे प्रकार देशात घडले आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आपल्या नियंत्रणाखालील संस्थांच्या कर्ज-ॲपांना संपर्कयादी व कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली. सर्व आकार धरून वार्षिक दर किती पडतो, हे कर्जापूर्वी कळविणेही बंधनकारक केले. उचल अपुरी पडल्याने असे कर्ज काढणाऱ्या ऊसतोड कुटुंबास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो तपशील वाचून दाखवावा.

‘पहिला महिना मोफत’ अशी सवलत घेतल्यास पुढे दरमहा खात्यातून रक्कम कापली जाऊ शकते. ॲप काढून टाकल्याने ही कपात थांबत नाही. यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ येथे जाऊन ती रद्द करावी लागते.