वैलावरची वीज

मातीच्या चुलीला वैल जोडण्यामागचा हिशेब साधा असतो. चुलीवर भाकरी होते, तिथून निसटलेल्या धगीवर शेजारी कालवण रटरटतं आणि जळण मात्र एकदाच लागतं. जाळ ओढून घेतला की आधी थंडावतो तो वैल. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडला हा हिशेब यंत्राच्या रूपातही अनोळखी नाही, कारण जिल्ह्यातले साखर कारखाने टर्बाइन फिरवून बाहेर पडलेल्या वाफेवरच उसाचा रस आटवतात. याच हिशेबाचा मोठा नमुना असलेलं वीज केंद्र उरणला समुद्रकाठी उभं आहे. अशा केंद्राची खरी किंमत पूर्ण ताकदीवर कळत नाही, ती कमी भारावर कळते, असं माझं म्हणणं आहे.

उरणचं वायू विद्युत केंद्र 1982 साली सुरू झालं, ते मुंबई हायच्या वायूवर. पुढे 1985-86मध्ये 108 मेगावॉटचे चार संच आले. वायू टर्बाइनचं काम विमानाच्या इंजिनासारखं असतं. कॉम्प्रेसर हवा दाबतो, तिच्यात वायू जळतो, तापलेला झोत पाती फिरवतो आणि 500 अंशांच्या आसपासची धग घेऊन बाहेर पडतो. त्या पात्यांनी कमावलेल्या ताकदीचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा कॉम्प्रेसरच खातो, त्यामुळे ही धग वाया घालवणं दुहेरी नुकसानीचं. तरी कित्येक वर्षं ती आभाळातच जात होती. 1994मध्ये तिच्यावर वाफ करून चालणारे 120 मेगावॉटचे दोन संच जोडले गेले. दोन वायू संचांमागे वाफेचा एक, म्हणजे 336 मेगावॉटमधले 120 मेगावॉट जादा वायू न जाळता.

आता भार निम्म्यावर आणायचा आहे असं धरू. वायूची झडप मिटवली की काम झालं, असं वाटतं आणि तिथंच फसगत होते. जनरेटर ग्रिडला बांधलेला असल्याने त्याचा वेग ठरलेला असतो, म्हणून कॉम्प्रेसर जवळपास पूर्वीइतकीच हवा ओढत राहतो. जाळ कमी आणि हवा तेवढीच, म्हणजे धूर कोमट. मग वाफ मंदावते, तिचं तापमान उतरतं आणि वाफेच्या टर्बाइनमध्ये शेवटच्या पात्यांपाशी जास्त थेंब धरून ते धातू झिजवू लागतात. यावरचा उपाय कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेल्या, वळवता येणाऱ्या पात्यांत असतो. ती तिरकी केली की हवाही वायूच्या बेताने घटते आणि धग टिकते. मात्र दाब उतरल्यामुळे झोत टर्बाइनमध्ये पुरता पसरत नाही, म्हणून धुराचं तापमान वाढूही शकतं. नियंत्रण यंत्रणेला ते कमाल मर्यादेच्या आत धरून ठेवावं लागतं. पाती फार मिटवली तर कॉम्प्रेसरमधला प्रवाह बिथरायची भीती, म्हणून एका टप्प्याखाली हवा घटवता येत नाही आणि तिथून धग उतरतेच.

पाती मिटवल्याने कॉम्प्रेसरची स्वतःची कार्यक्षमता घसरते, हा आक्षेप खरा आहे. एकटं वायू टर्बाइन चालवणाऱ्याला या उपायाचा फायदा नगण्य, कधी तोटाच. पण हिशेब चूल आणि वैल मिळून मांडला की पारडं फिरतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोन्ही वायू संच दबकत चालवण्यापेक्षा एक बंद करून दुसरा पूर्ण चालवावा. मागणी कित्येक तास कमीच राहणार असेल तर हेच शहाणपणाचं. मात्र वायू संच चटकन उठतो, तसा त्याच्या धगीवर वाफ करणारा, गार पडलेला बॉयलर उठत नाही. त्याचा जाड धातू सावकाश तापवावा लागतो आणि प्रत्येक बंद-चालूत तो थकतो. संध्याकाळी दोन्ही संच लागणार असतील, तर दुपारी एक विझवणं महागात पडतं.

अशा दुपारी आता वाढणार आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीपंपांना दिवसा उन्हाची वीज मिळू लागली आहे. मराठवाड्यासाठी ही चांगलीच गोष्ट, पण तिच्यामुळे दुपारी दबून राहून दिवेलागणीला उसळी घेण्याचं काम बाकीच्या केंद्रांवर येतं. शिवाय वायू मुबलक कधीच नसतो. बॅटऱ्या हे ओझं हलकं करतील, पण सगळं एकदम उचलणार नाहीत. तेव्हा कुठल्याही वायू केंद्राच्या कार्यक्षमतेचा आकडा समोर आला, तर कौतुक करण्याआधी एवढं विचारा: हा किती भारावरचा?