लोखंडी बैल आणि शेणाचा वायू

कांदिवलीच्या पूर्वेस, आकुर्ली रस्त्यालगत, महिंद्रांचा ट्रॅक्टरचा कारखाना उभा राहिला. १९६३ साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या भागीदारीने या उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली गेली, आणि पुढे मराठी मुलखातील नांगरटीची रीतच पालटली. पश्चिमेस, बोरिवलीच्या हद्दीत, खादी व ग्रामोद्योग आयोगाचे कोरा केंद्र आहे. तेथे काही ध्येयनिष्ठ मंडळी गोबर गॅसच्या संशोधनात गुंतली होती. एकाने शेतीला डिझेलची गोडी लावली, दुसऱ्याने इंधन गोठ्यातच शोधले. वाहवा कोणाच्या वाट्याला आली, हे सांगावयास नको.

मुंबईला ही कल्पना अपरिचित नव्हती. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्यापासून निघणारा वायू दिवाबत्तीच्या कामी लावण्यात आला होता. तथापि शेतकऱ्याला परवडेल असे तरंगत्या टाकीचे संयंत्र जशभाई पटेल यांनी सिद्ध केले, आणि आयोगाने त्याचा देशभर प्रसार केला. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी तर शौचालयच गॅसला जोडून गावकऱ्यांची किळस मोडून काढली.

कृती साधी आहे. शेण आणि पाणी समभाग घेऊन कालवावे, काडीकचरा व खडे वेचून टाकावेत आणि तो काला नळावाटे जमिनीतील विहिरीत सोडावा. तेथे हवेचा शिरकाव नसल्याने जंतू त्याचे मिथेनप्रधान वायूत रूपांतर करतात, त्या वायूने पोलादी टाकी हळूहळू वर उचलली जाते, स्वयंपाक होत जाईल तशी खाली बसते, आणि दुसऱ्या तोंडाने स्लरी बाहेर पडते. सुमारे पंचवीस किलो ताज्या शेणातून एक घनमीटर वायू मिळतो. डिझेल इंजिनाच्या पंपालाही तो चालतो. पेट घेण्यापुरते डिझेल लागते, परंतु पाचातले चार हिस्से वाचू शकतात. गोवरी जाळली की तिच्यातील नत्र धुरावाटे जाते. येथे ते स्लरीत राहून पिकाला मिळते, आणि माझ्या मते खरी बचत ती हीच.

थंडीत वायू कमी पडतो, टाकी गंजते, हे खरे. परंतु पुष्कळ संयंत्रे बंद पडली ती मुख्यतः गोठे ओस पडल्याने, कारण कांदिवलीचा लोखंडी बैल शेण टाकीत नाही. आता सरकारची भिस्त सूर्यावर आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के हिस्सा भरावयाचा असतो, आणि रात्री-अपरात्री पाणी धरण्याच्या जाचातून त्याची सुटका होते. हा लाभ मी कमी लेखीत नाही. मात्र सौर पंप खत देत नाही आणि चूलही पेटवीत नाही.

ज्यांच्या दावणीला अद्याप चार-पाच जनावरे आहेत, त्यांनी पंचायत समितीच्या कृषी विभागात गोबर गॅसच्या अनुदानाची चौकशी अवश्य करावी. आणि अर्ज लिहिण्यापूर्वी आठवडाभर रोजच्या शेणाच्या पाट्या मोजून पाहाव्यात.