डिस्कसची टाकी आणि पाच बादल्या

डिस्कस हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. पापडासारखा चपटा, पूर्ण वाढला की सुमारे सहा इंचांचा, अंगावर उभे पट्टे. ऑस्ट्रियाचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तो मूळचा राहतो संथ, कोमट आणि विलक्षण मृदू पाण्यात. रिओ नेग्रोसारख्या नदीत पालापाचोळ्याने पाण्याला चहाचा रंग येतो आणि त्याचा पीएच ४ ते ५ पर्यंत उतरतो. शोभेच्या माशांचे दुकानदार डिस्कसला राजा म्हणतात आणि भावही राजाला शोभेल असाच लावतात. तो फार नाजूक, पाळायला फार अवघड, असा त्याचा लौकिक आहे. मुंबईच्या उपनगरांपुरता तो निम्माच खरा. डिस्कसला हवे ते मृदू पाणी आणि हवी ती ऊब या दोन्ही गोष्टी अंधेरी-बोरिवलीत किंवा घाटकोपर-मुलुंडमध्ये जवळपास फुकट मिळतात. विकत न मिळणारी गोष्ट एकच, रोजची हमाली.

मुंबईला पाणी पुरवणारे सात तलाव म्हणजे अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. शेवटचे दोन तर शहराच्या हद्दीतच, बोरिवली ते मुलुंडमधल्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. सातही तलाव पावसावर भरतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्यात क्षार फारसे विरघळत नाहीत. म्हणून विरघळलेले क्षार मोजणारे पेनासारखे टीडीएस मीटर महापालिकेच्या नळाखाली धरले, तर आकडा बहुतेक ठिकाणी १०० च्या आतच येतो आणि पीएच सातच्या थोडा वर असतो. ब्राझीलच्या जंगलातून पकडून आणलेल्या माशाला हे कदाचित पुरणार नाही. पण आज विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक डिस्कस मलेशिया, थायलंड किंवा चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी टाकीतच जन्मलेला असतो. त्याला हे पाणी उत्तम मानवते. असे असूनही आर.ओ. यंत्राशिवाय डिस्कस जगणार नाही, असे सांगून ते गळ्यात मारले जाते. हे यंत्र जितके पाणी देते त्याहून जास्त मोरीत सोडते. तलावाचे पाणी मिळणाऱ्या घरात त्याचा उपयोग दुकानदारालाच अधिक.

खरी अडचण भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात नसते, ती सोसायटीच्या आवारात असते. पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत, तिथून पंपाने गच्चीवर आणि मग घरात येते. उन्हाळ्यात टँकर मागवला किंवा बोअरवेलचे पाणी त्याच टाकीत सोडले की टीडीएस एका रात्रीत कित्येक पटींनी वाढतो, आणि याची सूचना फलकावर लागत नाही. २०२४ च्या जूनमध्ये मुंबईत १० टक्के पाणीकपात झाली होती. अशा दिवसांत सोसायट्या टँकरकडे वळतात. म्हणून टाकी घेण्याआधी निदान पंधरा दिवस, वेगवेगळ्या वेळी, घरातलेच पाणी मोजत राहणे ही पहिली पायरी आहे. बहुतेक जण नेमकी हीच वगळतात.

दुसरा प्रश्न वजनाचा. पाच डिस्कससाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी लागते. एका माशाला ४० लिटर हे जुने माप. काठापासून दोन-तीन बोटे सोडून ती भरली, तर सुमारे २२५ लिटर पाणी मावते. दहा मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन ५० किलो, त्यात स्टँड धरला की सगळे मिळून ३०० किलो, तेही जमिनीच्या सहा चौरस फुटांवर. राहत्या खोल्यांच्या स्लॅबचा आराखडा करताना चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, पण तो सबंध खोलीभर पसरलेला भार असतो. टाकी भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवली तर नव्या इमारतीत सहसा अडचण येत नाही. खोलीच्या मध्यभागी किंवा पुढे काढलेल्या गॅलरीत ती ठेवत नाहीत, आणि इमारत जुनी असेल तर आधी अभियंत्याला विचारतात. पश्चिमेचे ऊन येणारी खिडकीही टाळावी लागते, नाहीतर काचा शेवाळाने हिरव्या होतात.

काच जोडणाऱ्या कारागिराचे काम पाहण्यासारखे असते. काचांच्या कडा स्पिरिटने पुसायच्या, सिलिकॉनची सरळ रेघ ओढायची, काच दाबून बसवायची आणि आतला सांधा ओल्या बोटाने एकाच ओढीत गुळगुळीत करायचा. बोट मध्येच थांबले की तिथे हवेचा बुडबुडा राहतो आणि पुढे तिथूनच गळती सुरू होते. सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास सोडते. तो अ‍ॅसेटिक आम्लाचा असतो. जाणता कारागीर घड्याळापेक्षा या वासावर भरवसा ठेवतो. दोन-तीन दिवसांनी टाकीत डोके घालून हुंगतो आणि वास शिल्लक असेल तर पाणी भरू देत नाही. पावसाळ्यातल्या दमट, बंद घरात हा वास हॉलमध्ये रेंगाळतो आणि घरच्यांची पहिली कुरबुर तेव्हाच सुरू होते. वास गेला की टाकीखाली थर्माकोलचा ताव घालून ती गळते का हे पाहण्यासाठी भरायची, एक दिवस ठेवायची, रिकामी करायची.

डिस्कसच्या टाकीत वाळू-खडी बहुधा घालत नाहीत. तळ उघडा ठेवला की उरलेले अन्न आणि विष्ठा दिसते आणि नळीने ओढून घेता येते. हौसेने पाणवनस्पती लावणाऱ्यांना हे रुक्ष वाटते, आणि ते आहेच. पण लहान माशांसाठी सौंदर्य दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे लागते. मागच्या काचेला फिकट निळा किंवा राखाडी कागद लावतात. पिजन ब्लड जातीच्या डिस्कसच्या अंगावर काळे बारीक ठिपके असतात, काळ्या पार्श्वभूमीपुढे ते गडद होऊन मासा मळका दिसतो. गाळणीसाठी हवेच्या पंपावर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर पुरतात. दोनशे वॉटच्या एका हीटरऐवजी शंभराचे दोन लावणे शहाणपणाचे. एकाचा थर्मोस्टॅट अडकून तो सतत चालू राहिला, तरी पाणी उकडून निघत नाही.

मुंबईत हीटर कशाला, असे कोणीही विचारील. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि वर्षातले बरेच महिने घरातले पाणी आपोआप तेवढे असते. पण सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती. तितकी थंडी आता पडत नसली तरी बोरिवलीत उद्यानालगतच्या इमारतींत जानेवारीच्या पहाटे पाणी सहज चार-पाच अंशांनी उतरते. मे महिन्यात उलटे होते. पाणी ३२-३३ अंशांवर जाते, ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मग वर पंखा लावून हवेचा मारा वाढवावा लागतो.

यानंतरचा टप्पा सर्वांत लांब आणि दिसायला सर्वांत कंटाळवाणा. टाकी भरलेली असते, दिवा लागलेला असतो आणि आत एकही मासा नसतो. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा त्याचे नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरे बऱ्याच अंशी निरुपद्रवी. हे जीवाणू स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना तोवर खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड देतात. कल्हईवाले वापरतात तो नवसागर हाच, मात्र बाजारातला नवसागर अशुद्ध असतो, त्यामुळे रसायनांच्या दुकानातला शुद्ध घ्यावा. २२५ लिटरला दीड ग्रॅमने अमोनियाचे प्रमाण दशलक्षात दोन भागांच्या आसपास पोचते. रोज थेंबांच्या चाचणीने रंग पाहायचा. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते. दीड ग्रॅमची मात्रा चोवीस तासांत पूर्ण नाहीशी होऊन नुसते नायट्रेट उरले की टाकी तयार झाली. ओळखीच्या कोणाच्या निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर हा काळ बराच घटतो.

मुंबईच्या मृदू पाण्याची एक खोड इथे कळते. जीवाणू काम करताना पाण्यातली अल्कता खातात, आणि या पाण्यात ती मुळातच थोडी असते. पाणी बदलले नाही तर पीएच घसरत जातो, सहाच्या खाली जीवाणू मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो. आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असल्याने माशांना लगेच बाधत नाही, सगळे आलबेल दिसते. मग एखाद्या रविवारी मालक उत्साहाने अर्धी टाकी ताज्या पाण्याने भरतो, पीएच एकदम वर जातो आणि साठलेल्या अमोनियमचा अमोनिया होतो. पीएच एकाने वाढला की विषारी अंश जवळपास दहापट होतो. संध्याकाळपर्यंत मासे तळाशी. दोष ताज्या पाण्याला दिला जातो, चूक आधीच्या महिन्याच्या आळसाची असते.

म्हणून पाणी रोज आणि थोडे थोडे बदलायचे. एक तृतीयांश म्हणजे ७५ लिटर, म्हणजेच पंधरा लिटरच्या पाच बादल्या. हा आकडा डिस्कस पाळणाऱ्या घरात पाठ असतो. पाच बादल्या काढायच्या आणि पाच घालायच्या. घालायचे पाणी आदल्या दिवशीच मोरीतल्या निळ्या ड्रममध्ये भरून त्यात हवा सोडून ठेवतात, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, टाकतात. दुकानात ते अँटी-क्लोरीन नावाने मिळते. पावसाळ्याच्या सुरुवातीला तलावात गढूळ पाणी येते आणि नळाला क्लोरीनचा वास वाढतो, तेव्हा दोन्ही करणे बरे. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी हा केंद्र सरकारचा रुळलेला मापदंड आहे. पाच बादल्या हा त्यातला निम्म्याहून अधिक वाटा, आणि याच उपनगरांत डोंगरउतारावरच्या वस्त्यांना तेवढ्यासाठी रांग लावावी लागते. काढलेले पाणी निदान कुंड्यांना घालावे किंवा शौचालयात वापरावे. नायट्रेटमुळे झाडांना ते मानवतेही. आणखी एक गोष्ट छंदाच्या माहितीपत्रकात नसते. हौस करणारा सकाळी फास्ट लोकल पकडून निघून जातो आणि पाच बादल्या घरी असेल त्याच्या, बहुतेक वेळा तिच्या, वाट्याला येतात. टाकी घेण्याआधी हे ठरलेले असावे.

पाण्याला किंचित चहाचा रंग द्यायचा असेल तर परदेशातली बाटली आणायची गरज नाही. उपनगरातल्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांच्या आवारात देशी बदामाची झाडे जागोजाग आहेत. त्यांची पाने लाल होऊन गळली की धुऊन, वाळवून टाकीत दोन-तीन सोडतात. त्यांतून टॅनिन उतरते, पीएच किंचित खाली येतो आणि बुरशीला आळा बसतो असे पाळणारे मानतात. वर्दळीच्या रस्त्यावरची काजळी बसलेली पाने मात्र नकोत. हीच पाने दुकानांत पाकिटात घालून चांगल्या किमतीला विकली जातात.

मासे आणायचे तर क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला हे ओळखीचे पत्ते. शोभेच्या माशांविषयी शास्त्रशुद्ध माहिती हवी असेल तर अंधेरीतच, वर्सोव्याला, १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पाचही मासे एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून, सारख्या आकाराचे घ्यावेत. एकटादुकटा डिस्कस भित्रा होतो, आणि दोन-तीनच असतील तर दांडगा बाकीच्यांना खाऊ देत नाही. डोळा अंगाच्या मानाने फार मोठा दिसला तर मासा खुरटलेला समजावा. अंग काळवंडलेले, विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी असेल तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दुकानदाराला समोर खाणे घालायला सांगावे आणि जो धावत येतो तोच घ्यावा.

घरी आणल्यावर दिवा बंद ठेवून पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगवतात, मग त्यात टाकीचे पाणी थोडे थोडे घालतात आणि मासे जाळीने उचलून सोडतात. पिशवीतले पाणी टाकीत ओतत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस मासे काळे पडून कोपऱ्यात उभे राहतात. त्यांना तसेच राहू द्यावे.

पाश्चात्त्य देशांत डिस्कसला गाईबैलांच्या हृदयाचा खिमा घालतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्येवर पूर्ण बंदी आहे, त्यामुळे इथे म्हशीचे हृदय किंवा सोललेली कोळंबी वाटून, वड्या करून फ्रीजरमध्ये ठेवतात. वर्सोव्याच्या कोळणीकडची ताजी कोळंबी या कामाला उत्तम. घाटकोपर-मुलुंडच्या अनेक घरांत फ्रीजमध्ये मांस ठेवणे शक्य नसते. तिथे चांगल्या प्रतीच्या गोळ्यांवर मासे ठीक वाढतात, थोडे सावकाश इतकेच. जिवंत ट्यूबिफेक्स किडे स्वस्त असले तरी ते सांडपाण्यात वाढतात. ते घरात आणणे म्हणजे रोग आणणे.

वीज गेली तर हीटरपेक्षा हवेचा पंप आधी आठवायला हवा, कारण थांबलेल्या स्पंजातले जीवाणू आणि मासे दोघेही प्राणवायूवाचून राहतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड कोसळून मुंबई अंधारात गेली तेव्हा उपनगरांत वीज यायला काही तास लागले. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तर काही भागांत ती दिवसचे दिवस नव्हती. बॅटरीवर चालणारा पंप काही शे रुपयांत मिळतो. चार्ज करून तो स्टँडच्या कप्प्यात ठेवावा.

लहान माशांना दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खाणे आणि रोज पाच बादल्या, हा क्रम निदान सहा महिने चालतो. मासे पाच-साडेपाच इंचांचे झाले की खाणे दोन वेळांवर आणता येते आणि पाणी दिवसाआड बदलले तरी चालते, मात्र नायट्रेट दशलक्षात २० भागांच्या वर जाऊ नये. पुढे नवा मासा घ्यायचा झाल्यास तो तीन-चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा, आणि त्या टाकीची जाळी, नळी व बादली वेगळी असावी.