डब्याला हात लावला की झिणझिण्या

गेमिंग कॉम्प्युटर जुळवण्याच्या या मालिकेत आज ग्राफिक्स कार्ड घेणार होतो. ते पुढे ढकलतोय. कारण रविवारी सकाळी आलेला एक फोन.

फोन करणारा मुलगा भिंगारचाच, कॅम्पाच्या कडेला जुन्या घरात राहणारा. टँकच्या गेमचं त्याला वेड. हाकेच्या अंतरावर रणगाडा संग्रहालयात खराखुरा सेंच्युरियन उभा आहे, पण तो चालवायला देत नाहीत, ही त्याची तक्रार. आपण ठरवलेला सहा कोरांचा रायझन, बोर्ड आणि रॅम त्याने आणून जुन्या कॅबिनेटमध्ये बसवले. प्रोसेसरमध्येच जुजबी ग्राफिक्स असल्याने कार्डाशिवाय मशीन सुरूही झालं. "पण काका, अनवाणी उभं राहून डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. चप्पल घातली की काही नाही. एसएमपीएस गेलाय का?"

गेला नाही. उलट, तो शहाणा आहे.

एसएमपीएसमध्ये वीज शिरते त्या तोंडाशी एक गाळणी असते. तिच्यात दोन छोटे कपॅसिटर, बहुधा निळ्या बटणांसारखे. एक फेजपासून पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. आतलं स्विचिंग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतं. त्याचा जो विजेचा कचरा तयार होतो, तो या वाटेने पत्र्यावर आणि तिथून अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा, ही योजना. आता अर्थिंगच नसेल तर? पत्रा दोघांच्या बरोबर मध्ये लटकतो. 230 चे निम्मे 115. त्याच्या घरी जाऊन मीटर लावला तर 108 दाखवले. प्रवाह मात्र नगण्य, मिलीअँपियरच्या आतला, म्हणून माणूस दचकतो आणि वाचतो. पत्र्याचा लॅपटॉप दोन पिनांच्या अडॅप्टरवर चार्जिंगला लावून त्यावरून बोट फिरवलं की जी थरथर जाणवते, ती याच जातकुळीतली. गंमत अशी की एसएमपीएस चांगला असेल तर अर्थिंगविना झिणझिण्या येणारच. स्वस्त मालात पुष्कळदा गाळणीच गाळलेली असते, तिथे कदाचित काहीच जाणवणार नाही.

माणूस वाचतो, पण पोर्ट वाचेलच असं नाही. असा लटकता डबा एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडायला जावं, टीव्हीला मागून केबलवाल्याची वायर आलेली असावी, आणि जोडताना बारीकशी ठिणगी पडावी. तेवढ्याने पोर्ट गेलेले मी पाहिलेत. त्यात एक माझाही होता.

मी मुलाला वायरमन बोलवायला सांगितलं. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन: "काका, पाच मिनिटांत झालं! झिणझिण्या बंद!" पाच मिनिटांत? मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी जाऊन, मेन बंद करून, बोर्ड उघडला. सॉकेटच्या मागे बोटभर लाल वायरचा तुकडा. न्यूट्रलच्या स्क्रूपासून वरच्या जाड पिनेच्या स्क्रूपर्यंत.

ही युक्ती घरोघरी सापडते. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला तर झक्क पेटतो, मालक खूश. न्यूट्रलही ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीलाच जोडलेला असतो, मग बिघडलं कुठे, असं वायरमन वर ऐकवतो. बिघडतं असं, की उद्या न्यूट्रलची तार कुठेतरी सैल झाली, किंवा वादळानंतर खांबावर जोडताना फेज-न्यूट्रल उलटसुलट झाले, तर तोच बोटभर तुकडा डब्यावर अख्खे 230 आणून ठेवतो. तेव्हा प्रवाह मिलीअँपियरच्या आत राहत नाही. तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन मुद्दाम लांब केलेली असते. ती सगळ्यांत आधी लागते आणि सगळ्यांत शेवटी सुटते. एवढा विचार करून घडवलेल्या पिनेच्या मागे हा तुकडा पाहून मला खरंच राग आला.

तुकडा काढला. घराला अर्थिंग नव्हतंच, ते नव्याने करायचं ठरलं. आपल्याकडे वर हातभर माती आणि खाली मुरूम. पर्जन्यछायेचा मुलूख, त्यामुळे उन्हाळ्यात जमीन ठणठणीत कोरडी होते, आणि कोरडी जमीन वीज घेत नाही. म्हणून जुनी पद्धत: खोल खड्डा, मध्ये जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर. कोळसा ओल धरतो, मीठ त्या ओलीतून वीज वाहू देतं. परसात हे काम दीड दिवस चाललं. खर्च एका बऱ्या कीबोर्डाएवढा.

खड्डा खणला जात होता तेवढ्यात मी त्याचा डबा उलटा करून एसएमपीएस पाहिला. तो जुन्या कॅबिनेटबरोबर आलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. आता हा शहाणा तरी कसा म्हणावा? गाळणी होती, तेवढाच शहाणपणा. स्टिकरवर ठसठशीत 450 वॅट. पण खालच्या बारीक कोष्टकात 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपियर. बारा सोळा 192. आजचं प्रोसेसर-कार्ड जवळजवळ सगळं 12 व्होल्टवरच जगतं. रायझन 7600 भरात आला की 88 वॅट खातो, आरटीएक्स 5060 कार्ड 145. इथेच 233 झाले, पंखे आणि डिस्क अजून बाकी. त्यामुळे मोठा आकडा वाचू नका, 12 व्होल्टचा रकाना वाचा. मला विचाराल तर 550 वॅटचा, 80 प्लस ब्राँझवाला, निदान पाच वर्षांच्या वॉरंटीचा. त्यापुढे 750 वगैरे या बजेटमध्ये उगाच. ते पैसे कार्डाला ठेवा.

त्याच्या एसएमपीएसच्या मागे 115/230 चा तो लाल स्विचही होता. तो पाहून मला माझा पहिला कॉम्प्युटर आठवला. कमी आकडा म्हणजे कमी बिल, अशा समजुतीने मी तो 115 वर सरकवला होता. त्या बाजूला आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करून घेतं, कारण ती सोय अमेरिकेतल्या विजेसाठी. 200 व्होल्टच्या कपॅसिटरवर सव्वातीनशे गेले. आवाज शेजाऱ्यांनीही ऐकला. हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसना हा स्विच नसतोच, ते 100 ते 240 आपलं आपण सांभाळतात.

इन्व्हर्टरचं राहिलं. दोन वाचकांनी त्याबद्दलही विचारलंय, पण ते कार्डानंतर.

मुलाच्या घरी मीटर आता शून्याच्या आसपास आहे. खड्ड्यात तो रोज संध्याकाळी बादलीभर पाणी ओततो. काय लावलंय रे तिथे, असं आजीने विचारलं, तर म्हणाला, ग्राफिक्स कार्ड.