सूर आणि बाजू : भाग ६ – पुजाऱ्यांची गिटारबंदी

मागच्या भागात मेलोट्रॉन आणि सात मात्रांची कसरत झाली. आता जरा श्रोत्यांकडे वळू. वीस-वीस मिनिटांचं प्रोग्रेसिव्ह रॉक डोळे मिटून ऐकणारी ही मंडळी डावी की उजवी? ते ती कुठं बसून ऐकत होती यावर ठरायचं.

इटलीच घ्या. १९७२ मध्ये ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ या इंग्लिश बँडचा ‘पॉन हार्ट्स’ तिथं पहिल्या क्रमांकावर गेला. मायदेशी तो खपाच्या यादीतही आला नव्हता. इटलीतल्या या श्रोत्यांत १९६८च्या विद्यार्थी आंदोलनाची हवा प्यालेले पुष्कळ होते. मिलानचा ‘आरेआ’ हा बँड तर मैफलीत कम्युनिस्टांचं ‘इंटरनॅशनल’ वाजवायचा, तेही पार मोडूनतोडून. संगीत सगळ्यांचं, मग तिकीट कशाला, असं म्हणत पोरं मैफलींची दारं ढकलून आत घुसत. संशयही तितकाच कडक. ‘म्युझिओ रोझेनबाख’नं १९७३ मध्ये नीत्शेवर बेतलेला ‘झरथुष्ट्र’ काढला. मुखपृष्ठावरच्या चित्रांच्या गर्दीत मुसोलिनीचा अर्धपुतळा होता. झालं, बँडवर फॅसिस्ट असा शिक्का बसला.

तोच शिक्का कॅनडाच्या ‘रश’वरही बसला, पण वेगळ्या वाटेनं. त्यांचा ड्रमर आणि गीतकार नील पर्ट सरकारपेक्षा व्यक्ती आणि तिची मालमत्ता मोठी मानणारी लेखिका आयन रँड वाचून झपाटलेला. (कॉलेजात ‘फाउंटनहेड’ वाचून महिनाभर कुणाशी धड न बोलणारा एखादा मित्र आपल्यालाही असतोच.) १९७६च्या ‘२११२’मध्ये त्यानं रँडचे जाहीर आभार मानले. गोष्ट अशी : पुजाऱ्यांची सत्ता असलेल्या जगात एकाला जुनी गिटार सापडते आणि पुजारी ती चिरडतात. सरकारवर खार खाणाऱ्या श्रोत्याला हे पुजारी म्हणजे सरकार वाटले. मला मात्र ते रेकॉर्ड कंपनीचे साहेब वाटतात. आधीचा अल्बम आपटल्यावर कंपनीला छोटी, खपाऊ गाणी हवी होती आणि बँडनं हट्टानं वीस मिनिटांचं प्रकरण हाती दिलं होतं.

१९७८ मध्ये लंडनच्या ‘एनएमई’ साप्ताहिकानं या बँडला जवळपास नाझींच्या रांगेत बसवलं. गायक गेडी लीचे आईवडील दोघंही नाझी छळछावण्यांतून वाचलेले होते. पुढं पर्टही रँडपासून लांब सरकला. रँडभक्त चाहते मात्र होते तिथंच राहिले.

२०१० मध्ये केंटकीतले रिपब्लिकन उमेदवार रँड पॉल प्रचारात ‘रश’ची गाणी वाजवू लागले. बाजारात सरकारनं लुडबुड करू नये, हे त्यांचं राजकारण. बँडच्या वकिलाचं पत्र गेलं : यात राजकारण काही नाही, प्रश्न कॉपीराइटचा आहे. थोडक्यात, मालमत्ता आमची, विचारल्याशिवाय हात लावू नका. रँडबाईंनी पाठ थोपटली असती.

पुढच्या आठवड्यात ‘हेन्री काऊ’.