‘अनमेट डिपेन्डन्सीज’ : त्रुटीसंदेश कसा वाचावा

उबुंटू 22.04 वर मोंगोडीबीची 5.0 आवृत्ती बसवायला गेल्यास टर्मिनलवर साधारण असा संदेश येतो :

मोंगोडीबी-ऑर्ग-मोंगोज : डिपेंड्स : लिबएसएसएल1.1 (>= 1.1.1) बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल
ई : अनेबल टू करेक्ट प्रॉब्लेम्स, यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस

बहुतेक विद्यार्थी शेवटची ओळ उचलून इंटरनेटवर शोधतात. तिचाच उपयोग सर्वांत कमी. ‘हेल्ड’ म्हणजे आपण मुद्दाम रोखून ठेवलेले पॅकेज. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ ही आज्ञा देऊन पाहा, यादी बहुधा रिकामीच निघेल. सर्व अटी एकाच वेळी पूर्ण करणारी जुळणी सापडली नाही, एवढेच ॲप्ट तिथे सांगत असते. खरे कारण ‘डिपेंड्स’च्या ओळीच्या शेपटीत असते.

शेपटी ‘नॉट इन्स्टॉलेबल’ असेल, तर जोडलेल्या एकाही रिपॉझिटरीत ते पॅकेज नाही. ‘नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’ असेल, तर पॅकेज आहे, पण त्याच्या पुढच्या एखाद्या अटीवर गाडी अडली आहे. अशा वेळी ‘ॲप्ट इन्स्टॉल’ला त्याच पॅकेजचे नाव द्यावे, म्हणजे अडचण एक पायरी खाली सरकून दिसते. तिसऱ्या प्रकारात एखादा आवृत्तिक्रमांक आणि ‘इज टू बी इन्स्टॉल्ड’ असे शब्द येतात. तिथे पॅकेज मिळते, पण मागितलेली आवृत्ती मिळत नाही.

आपले उदाहरण पहिल्या प्रकारचे. ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी लिबएसएसएल1.1’ दिल्यावर ‘कँडिडेट’समोर ‘नन’ दिसते, कारण 22.04 मध्ये ओपनएसएसएल 3.0 आहे आणि तिथल्या पॅकेजचे नाव लिबएसएसएल3 आहे. मोंगोडीबी 5.0 ची पॅकेजेस 22.04 साठी बांधलेलीच नाहीत. म्हणून जुन्या सूचना वाचून आपण 20.04 ची, म्हणजे ‘फोकल’ नावाची रिपॉझिटरी जोडतो, आणि ती आपल्या काळातली लायब्ररी मागते. चूक ॲप्टची नाही, आपण जोडलेल्या त्या ओळीची आहे.

इथे दोन पळवाटा सुचवल्या जातात. पहिली, नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक देणे. ती चालत नाही. लायब्ररीतल्या फंक्शनांच्या नावांवर आवृत्तीचा शिक्का असतो. प्रोग्रॅम सुरू होतानाच ‘ओपनएसएसएल_1_1_0 नॉट फाउंड’ म्हणून थांबतो. दुसरी, 20.04 ची लिबएसएसएल1.1 ची डेब फाइल हाताने बसवणे. ही चालते, आणि म्हणूनच मला ती जास्त घातक वाटते. दोन्ही लायब्रऱ्या शेजारी शेजारी नांदतात, सर्व्हर सुरू होतो, आणि विषय विसरला जातो. पण 22.04 च्या रिपॉझिटरीतून त्या फाइलला सुरक्षा-दुरुस्त्या कधीच येणार नाहीत. मूळ प्रकल्पानेही 1.1.1 चा सार्वजनिक आधार सप्टेंबर 2023 मध्ये थांबवला. ज्या लायब्ररीवर एन्क्रिप्शन अवलंबून आहे, तिचीच ही अवस्था!

सरळ मार्ग असा, की फोकलची ओळ काढावी आणि ‘जॅमी’साठी, म्हणजे 22.04 साठी बांधलेली 6.0 किंवा 7.0 मालिका घ्यावी. ती लिबएसएसएल3 च मागते. प्रकल्पाला 5.0 च हवी असेल, तर ती डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवावी. जुनी लायब्ररी निदान कंटेनरपुरती राहते.

डेब फाइलबद्दल आणखी एक गोष्ट. ‘डीपीकेजी -आय’ अवलंबित्वे स्वतः आणत नाही, पॅकेज अर्धवट बसवून ठेवते. मग ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चालवले, की गरजेची लायब्ररी न मिळाल्यास ॲप्ट तुम्ही आत्ताच बसवलेले पॅकेज काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडते. त्याऐवजी ‘ॲप्ट इन्स्टॉल’पुढे ./ लावून फाइलचे नाव द्यावे. आणि ‘वाय’ दाबण्याआधी ‘विल बी रिमूव्ह्ड’खालची यादी पूर्ण वाचावी. आमच्या प्रयोगशाळेत सबमिशनच्या आदल्या दिवशी एका गटाने ती न वाचता ‘वाय’ दाबले. त्या यादीत त्यांचा चालू असलेला डेटाबेस सर्व्हर होता.